फिजिओथेरपी? का गं, कुठं पडलीस?

"फिजिओथेरपीला चाललेय" म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "का गं, कुठं पडलीस?" मग नजर पोटाकडे जायची आणि दुसरा प्रश्न जरा आवाज उतरवून यायचा, "आणि ह्या दिवसांत चालतं का ते?" आमच्या पतसंस्थेतल्या शिपाईमामांपासून खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंपर्यंत सगळ्यांचे हेच दोन प्रश्न, आणि याच क्रमानं.

लोकांना तरी काय म्हणणार? आमच्या घरात हा शब्द आला तोच सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आल्यावर. एक तरुण मुलगा घरी यायचा, त्यांचा हात-पाय हलवून घ्यायचा, खांद्याला मशीन लावायचा. त्यामुळे घरच्यांच्या हिशेबी फिजिओथेरपी म्हणजे लकवा झाल्यावर, हाड मोडल्यावर, नाहीतर गुडघे गेल्यावर. चालती-फिरती पोटुशी बाई तिथं जाऊन काय करणार?

माझं दुखणं सुरू झालं पाचव्या महिन्यात, संक्रांतीच्या सुमाराला. गड्ड्याची जत्रा भरली होती, होम मैदानावर पाळणे लागले होते, आणि आमच्या घरात "गर्दीत जायचं नाही" हा हुकूम निघाला होता. त्याची गरजच नव्हती. रिक्षातून उतरताना एक पाय खाली टेकवला की जांघांच्या मधोमध, पुढच्या हाडात अशी कळ यायची की दांडी धरून उभं राहावं लागायचं. मग रात्री कूस बदलताना. मग सलवार घालायला एका पायावर उभं राहिलं की. नवी पेठेतली आमची पतसंस्था पहिल्या मजल्यावर आहे; तो जिना मी कठड्याला धरून चढायला लागले. काउंटरवरून उठल्यावर पहिली काही पावलं फेंगडी पडायची आणि मागं, कमरेच्या खाली उजव्या बाजूला, खोल कुठंतरी ठणकायचं.

ज्याला सांगावं तो म्हणायचा, "या दिवसांत दुखायचंच." आई अक्कलकोटहून फोनवर हेच म्हणाली. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या, तिथल्या काळ्या रानात आयुष्य गेलेल्या. त्या म्हणाल्या, "नवव्या महिन्यापातूर ज्वारी खुरपायला जात हुतो आम्ही. दुखायचं तर दुखायचं. सांगायचं कुणाला?" यात टोमणा नव्हता. त्यांच्या वेळी खरोखरच सांगायला कुणी नव्हतं. माझ्या वेळी होतं, पण तिथंही उत्तर फारसं वेगळं मिळालं नाही.

माझ्या डॉक्टर हुशार आहेत, हाताला यश आहे, म्हणूनच बाहेर बाकांवर बसायला जागा नसते. आत गेलं की वजन, बीपी, पोटावर यंत्र टेकवून बाळाचे ठोके. "बाळ छान आहे." मी म्हटलं, "मॅडम, कंबर फार दुखते." "होतं असं. कॅल्शियम चालू आहे ना?" तोवर पुढची बाई आत आलेली असायची. माझी फाईल जाडजूड आहे. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, सोनोग्राफ्या, धनुर्वाताची इंजेक्शनं, सगळं तारीखवार. कूस बदलता येते का, जिना चढता येतो का, शिंकताना लघवीचे थेंब येतात का, हे त्या फाईलीत कुणी विचारलेलं नाही. शेवटचं मला व्हायचं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

वाट दाखवली ती पुण्यातल्या नणंदेनं. तिच्या वेळी तिच्या दवाखान्यातच बाळंतपणाआधीचे वर्ग होते. फोनवर माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, "वहिनी, हे पेल्व्हिक गर्डल पेन असणार, म्हणजे कमरेखालच्या हाडांच्या कड्याचं दुखणं. फिजिओला दाखवा." आता सोलापुरात शोधायचं कुठं? गर्भसंस्काराचे फलक सात रस्त्यापासून विजापूर रोडपर्यंत भरपूर दिसले. मंत्र, संगीत, आहार, थोडी योगासनं. मी एका वर्गाला जाऊनही आले. मन प्रसन्न झालं, हाडाचं दुखणं मात्र थांबलं नाही. फिजिओथेरपीच्या पाट्यांवर मणका, गुडघा, लकवा, खेळातली दुखापत, हेच. एका ठिकाणी फोन केला तर सरळ उत्तर आलं, "गरोदर पेशंट आम्ही घेत नाही. उद्या काही झालं तर?" म्हणजे ही भीती फक्त बायकांत आणि सासवांत आहे असं नाही, उपचार करणाऱ्यांतही आहे. शेवटी एका फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत बायकांसाठी वेगळा विभाग आहे असं कळलं.

घरी मात्र सभा भरली. नवऱ्याचं म्हणणं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. सासूबाईंचं म्हणणं, "दुखायलंय म्हणून पडून ऱ्हावं का वर आणि कसरत करावी?" आईचं फोनवरून, "हात वर करू नकोस बाई, बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा बसतो." वाळत घातलेले कपडे काढायलाही तिनं मला बंदी केली होती. (नाळेचा वेढा बाळाच्या हालचालीनं बसतो, आईच्या हातांचा त्याच्याशी संबंध नाही. हे मी तिला पुढे सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि कपडे स्वतःच काढले.) गंमत अशी की फरशी उकिडवं बसून पुसली की सुटका सोपी होते, हेही त्याच घरात, त्याच तोंडून ऐकलेलं. वाकून फरशी पुसणं चालतं. भिंतीला पाठ लावून कंबर सरळ करणं म्हणजे धोका.

ओपीडीत गेले तर त्यांनीच आधी अडवलं. तुमच्या डॉक्टरांचं पत्र आणा. गर्भाशयातली वार खाली आहे का, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलाय का, रक्तस्राव झालाय का, बीपी वाढलंय का, रक्त फार कमी आहे का, हृदयाचा-फुप्फुसाचा आजार आहे का, हे कळल्याशिवाय आम्ही व्यायाम देत नाही. मला हे आवडलं. घाबरून नाही म्हणणं वेगळं आणि तपासून हो म्हणणं वेगळं. पत्र मागायला मी बिचकतच डॉक्टरांकडे गेले. त्यांनी मान वर न करता एक ओळ लिहिली, व्यायामास हरकत नाही, सही, शिक्का. आणि म्हणाल्या, "चांगलंच आहे की. आधी म्हणाला असता तर आधीच लिहून दिलं असतं."

या वाक्यावर मी पुढे बरेच दिवस अडकून होते. डॉक्टरांचा विरोध नव्हता. माझा नव्हता. एवढंसं पत्र मिळाल्यावर घरच्यांचाही उरला नाही, सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरनं लिहून दिलंय म्हटल्यावर मी कोण?" पण ती ओळ मागायची असते हे मला कुणी सांगितलं नाही आणि न मागता लिहायची असते असं त्यांना वाटलं नाही. मधल्या काळात मी कठडा धरून जिने चढत होते.

तपासणी अर्धा-पाऊण तास चालली. इतका वेळ माझ्याशी त्या नऊ महिन्यांत कुणी बोललं नव्हतं. फिजिओ मॅडमनी टेबलावर प्लॅस्टिकचा सांगाडा ठेवला, फक्त कमरेखालचं हाडांचं कडं. पुढे जिथं दोन हाडं जुळतात तो एक सांधा, मागं माकडहाडाच्या वर दोन्ही बाजूंना दोन. गरोदरपणात रिलॅक्सिन नावाचं संप्रेरक वाढतं, सांध्यांना बांधून ठेवणारे बंध सैलावतात, त्यातच पोटाचा भार पुढं येतो, कंबर आत जाते, आणि एका पायावर वजन आलं की हे सांधे कुरकुरतात. म्हणून रिक्षा, म्हणून जिना, म्हणून सलवार. सगळ्या कळा एका कड्यात बसल्या.

मग त्यांनी मला टेबलावर आडवं करून उजवा पाय गुडघा न वाकवता वीतभर उचलायला सांगितला. उचलेचना. पाय माझाच, पण जड झाला होता. मग त्यांनी दोन्ही हातांनी कमरेची हाडं दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरली आणि म्हणाल्या, "आता उचला." पाय सहज वर आला. मी चकित होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. "हे जे मी हातानं केलं, ते तुमच्या स्नायूंनी करायचंय. तोवर कमरेचा पट्टा मदत करेल." माझ्या दृष्टीनं सगळा उपचार त्या एका वाक्यात होता. ही तपासणी त्यांनी लवकर आटोपली, कारण विसाव्या आठवड्यानंतर फार वेळ उताणं पडलं की गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो, चक्कर येऊ शकते. पुढचं सगळं कुशीवर, बसून, नाहीतर भिंतीला टेकून.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "मशीन कुठली लावली?" मी म्हटलं, एकही नाही. "मग पैसे कशाचे घेतले?" मशीन न लावण्यालाच कारण होतं. शॉर्टवेव्हचा, म्हणजे मशीनच्या लहरींनी खोलवर द्यायचा शेक गरोदरपणात देत नाहीत, आणि पोटा-कमरेवर उपचाराचं अल्ट्रासाउंडही लावत नाहीत. सोनोग्राफी वेगळी, ती तपासणी. नाव एक असल्यानं लोकांचा गोंधळ होतो. पण आपल्याकडे उपचार म्हणजे सुई, गोळी किंवा मशीन. नुसतं कसं उठायचं-बसायचं हे शिकवणाऱ्याला फी द्यायची, हे सासूबाईंच्याच काय, माझ्याही गळी उतरायला वेळ लागला.

आणि शिकवलेलं इतकं साधं होतं की सांगायला लाज वाटावी. कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून, सगळं अंग एकदम वळवायचं. झोपताना गुडघ्यांत उशी. रिक्षात आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, उतरतानाही तसंच. सलवार बसून घालायची. जिना एकेक पायरी, बरा पाय आधी वर. अंथरुणातून सरळ उठून बसायचं नाही. कुशीवर वळून, हाताच्या रेट्यानं उठायचं. व्यायामात भिंतीला पाठ लावून कंबर सपाट करणं, रांगायच्या अवस्थेत पाठ वर-खाली करणं, गुडघ्यांत उशी दाबणं, पोटऱ्या ताणणं. पेटके यायचे ते या शेवटच्यानं बरेच कमी झाले.

खरी परीक्षा पाणी यायच्या दिवशी. सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, येतं तेव्हा अवेळी येतं, आणि आलं की अख्खं घर बादल्या-पिंपांमागं धावतं. "वजन उचलू नका" असं दवाखान्यात म्हणणं सोपं आहे. फिजिओ मॅडम सोलापूरच्याच, त्यांनी तसं म्हटलंच नाही. "पाणी कोण भरतं घरी?" असं विचारलं. मग नळाला लांब पाइप लावून थेट पिंपात सोडायचं. बादली अर्धीच भरायची. उचलायचीच झाली तर गुडघ्यांत वाकून, अंगाजवळ धरून, श्वास सोडत. आणि भरलेली बादली हातात घेऊन कमरेतून वळायचं नाही, पाय वळवायचे. भाकरीचं पीठ मळायला ओट्याशी उभं राहताना एक पाय छोट्या पाटावर ठेवायचा, थोड्या वेळानं बदलायचा. सासूबाईंनी पाट आणून ठेवला आणि दोन दिवसांनी पाहते तर त्या स्वतःच त्यावर पाय ठेवून भाकरी थापत होत्या.

आता त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. तपासणीत मॅडमनी सरळ विचारलं, "खोकताना, शिंकताना लघवी सुटते का?" पडद्याच्या बाजूला एक शिकाऊ मुलगा उभा होता. मी मान हलवून नाही म्हटलं. मॅडमनी त्याला काहीतरी आणायला बाहेर पाठवलं आणि तोच प्रश्न परत विचारला. मग मी हो म्हटलं. किती जणी पहिल्या 'नाही'वरच घरी जात असतील, देव जाणे. बायकांच्या या विभागात बाई तपासणार आहे एवढं बाहेर पाटीवर लिहिलं तरी निम्मं काम होईल असं माझं मत आहे.

पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते; मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळं तिच्यावर तोललेलं. गरोदरपणात तिच्यावर भार वाढतो. तिला आवळायचं, वर ओढायचं, धरायचं, आणि पूर्ण सोडायचं. वायू आणि लघवी एकाच वेळी रोखल्यासारखं. श्वास चालू ठेवून, मांड्या न आवळता. जमेल तसं वाढवत दहा सेकंदांपर्यंत, एका वेळी आठ-दहा, दिवसातून तीनदा. लघवी करता करता मधेच थांबवून सराव करायचा नाही. आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळायचं, मग शिंकायचं. ही युक्ती मला पतसंस्थेच्या काउंटरवर, नोटा मोजता मोजता करता यायची. समोरच्या खातेदाराला पत्ता नाही. हे काही कालपरवाचं फॅड नाही. कीगल नावाच्या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञानं हे व्यायाम १९४८ मध्ये मांडले. सोलापुरात माझ्यापर्यंत पोचायला त्यांना इतकी वर्षं लागली.

ओपीडीच्या बाहेर थांबण्यात माझा वेळ बराच गेला, आणि खरं सांगायचं तर तिथंच मला जास्त कळलं. बाकावर शहराच्या पूर्व भागातली एक बाई भेटायची. सातवा महिना, तिसरं बाळंतपण. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची, मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. रात्री दोन्ही हातांच्या बोटांना मुंग्या यायच्या, झटकत उठायची. सरकारी दवाखान्यात दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, २०१६ पासूनची केंद्राची योजना आहे; तिथल्या एका डॉक्टरांनी तिला इकडे पाठवलं होतं. गरोदरपणात अंगाला सूज येते, मनगटातून जाणारा मज्जातंतू दबतो, असं तिला सांगितलं आणि रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला. दिवसाचं काय? दिवसा मनगट आणि बोटंच तर चालवायची असतात.

एकदा दोन शिकाऊ मुली कागद घेऊन आल्या. त्यांच्या अभ्यासासाठी गरोदर बायकांना प्रश्न विचारायचे होते, गरोदरपणातल्या फिजिओथेरपीबद्दल काय माहीत आहे आणि काय वाटतं. पहिलं पान संमतीचं. ही बाई एकदम सावध झाली. "सही कशाला? ऑपरेशनचं हाय काय?" तिचं शिक्षण तेलुगू शाळेत झालेलं, मराठी बोलायची फर्डं पण वाचायला अडखळायची. म्हणून मी वाचून दाखवायला बसले.

गरोदरपणात फिजिओथेरपी घेता येते हे तुम्हाला आधी माहीत होतं का? "न्हाई. ते लकवा मारलेल्यांचं हाय की, अक्का." माहिती कुणाकडून मिळाली: डॉक्टर, नर्स, आशाताई, नातेवाईक, मोबाइल? "डॉक्टर. हात दाखवला म्हणून. न्हाईतर कोण सांगतंय?" व्यायामानं पोटातल्या बाळाला इजा होईल असं वाटतं का, पूर्ण सहमत ते पूर्ण असहमत? यावर ती हसायलाच लागली. "पाणी भरतोय, धुणं धुतोय, सूप घेऊन दिवसभर बसतोय, त्यानं काय हुत न्हाई. मग हात वर-खाली केल्यानं कसं हुईल?" मी 'पूर्ण असहमत'वर खूण केली. संधी मिळाली तर नियमित याल का? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "यायचं. पण माझ्या विड्या कोण वळणार?"

शिकाऊ मुलीनं माझ्याकडे पाहिलं, मी कागदाकडे. तिथं 'हो' आणि 'नाही' एवढेच चौकोन होते. तिनं स्वतःच सांगितलं, "हो लिवा." त्या मुलींच्या तक्त्यात ती बाई 'माहिती नाही, पण तयार' अशा रकान्यात गेली असणार, आणि ते खोटंही नाही. पण अशा तक्त्यांवरून बायकांमध्ये जनजागृती करा एवढाच निष्कर्ष कुणी काढला तर मला तो अर्धाच पटेल. तिला जाणीव पाच मिनिटांत झाली होती. दिवसाची मजुरी बुडवून, दोन रिक्षा बदलून, धाकट्याला शेजारणीकडे ठेवून यायचं हा वेगळाच हिशेब होता. मॅडमनी नंतर तिला व्यायामांचा कागद चित्रांसकट दिला आणि विड्या वळताना थोड्या थोड्या वेळानं सूप खाली ठेवून करायच्या दोन-तीन हालचाली शिकवल्या. त्या ती करते म्हणाली. पुढे ती दिसली नाही. दिवस भरले असतील.

बाकावर दुसऱ्या टोकाच्याही भेटायच्या. जुळे सोलापूरकडची एक आयटीवाली, घरून काम करणारी, मोबाइलवर सगळं बघून आलेली. तिला कुठलाही व्यायाम कमीच वाटायचा. तिला मॅडमनी सावरलं: व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, धाप लागून वाक्य तुटलं तर जास्त होतंय. जागतिक आरोग्य संघटना गुंतागुंत नसलेल्या गरोदर बायकांना आठवड्याला १५० मिनिटं मध्यम हालचाल सांगते, ती आठवडाभर वाटून, एका रविवारी नाही. आणि रक्त दिसलं, अंगावरून पाणी गेलं, छातीत दुखलं, डोकं फार दुखलं, चक्कर आली, एकाच पोटरीत सूज आणि दुखणं आलं, पोट दुखून दुखून कडक व्हायला लागलं, तर थांबायचं आणि थेट डॉक्टर. ही यादी आम्हा दोघींच्याही घरच्यांना तोंडपाठ करायला लावली.

मार्चपासून ऊन तापायला लागलं. एप्रिलमध्ये सोलापुरात दुपारी बाहेर पडणं धडधाकट माणसालाही जड. माझं चालणं मग सकाळी उजाडता उजाडता, सिद्धेश्वर तलावाच्या बाजूनं, नवऱ्याबरोबर, हातात पाण्याची बाटली. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं. पण पट्टा लावून मी जिना कठड्याशिवाय चढत होते आणि रात्री कूस बदलताना जाग येत नव्हती. शेवटच्या काही भेटींत बाळंतपणाच्या कळांच्या वेळी काय करायचं ते शिकवलं: मोठ्या चेंडूवर बसून झुलणं, खुर्चीच्या पाठीवर ओणवं होणं, कुशीवर पडणं, लांब श्वास सोडणं. एका भेटीला आई आली होती. चेंडूवर मला झुलताना पाहून ती भिंतीला धरूनच उभी राहिली, जणू तीच पडणार होती.

बाळंतपणाला अक्कलकोटला न जाता आईच सोलापूरला आली. कळा सुरू झाल्यावर पहिले काही तास मी खोलीत फेऱ्या मारत, पलंगाच्या कडेवर ओणवी होत काढले, आणि ते खरंच सुसह्य झाले. पुढे लेबर रूममध्ये मात्र "आडव्या व्हा" हाच हुकूम. कुशीवर पडू का विचारलं, तर नर्सताई म्हणाल्या पडा की. तेवढं मिळालं. नंतर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझर झालं. मुलगी. दोघी ठीक.

भेटायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांनी विचारलं, "एवढा व्यायाम केलास, तरी सिझर?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे, मग सोडून दिलं. मला कुणीही नॉर्मलची हमी दिली नव्हती. ठोके कमी झाले त्याला माझ्या मांड्यांचे स्नायू काय करणार? पण फिजिओथेरपी मान्य झालेल्या घरांतही ती मान्य होते ती बहुधा याच एका आशेवर. बाळंतपण नॉर्मल झालं की श्रेय तिचं, सिझर झालं की पैसे वाया. मधले चार महिने मी नीट चालले, झोपले, कामावर गेले, हे कुणाच्या हिशेबात येत नाही.

सिझरनंतर ते शिकलेलं जास्तच उपयोगी पडलं. भूल उतरताच घोटे वर-खाली करायला लागायचे, पायात रक्त साकळू नये म्हणून. खोकला आला की टाक्यांवर उशी दाबून धरायची. कुशीवर वळून उठायची सवय लागलेलीच होती, शेजारच्या खाटेवरची बाई सरळ उठायला जाऊन कळवळायची, तिला आईनंच शिकवलं, "असं न्हाई गं, कुशीवर हो आधी." लघवीची नळी काढल्यावर झोळीचे व्यायाम परत सुरू.

घरी शेक-शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू सगळं रीतीनं झालं. मालीशवाल्या मावशींनी जुनी सुती साडी घेऊन पोट बांधायला घेतलं तेव्हा मात्र मी अडले. मॅडमनी सांगितलं होतं, आधारापुरतं बांधा, श्वास अडेल इतकं नको. वरून फार आवळलं तर दाब खाली, त्या झोळीवर जातो. मावशी रागावल्या. "पोट सुटलं तर मला बोलायचं न्हाई." सासूबाई मध्ये पडल्या आणि दोन बोटं आत जातील इतपत सैल बांधायचं ठरलं. कोण जिंकलं ते सांगता येणार नाही. मावशी रोज येत राहिल्या आणि साडी रोज थोडी घट्ट होत राहिली.

दीड महिन्यानंतर फिजिओ मॅडमकडे तपासणीला गेले. पुढच्या हाडाची कळ गेली आहे. शिंकताना अजून कधीतरी थेंब येतो, त्याला वेळ लागेल म्हणाल्या. पोटाच्या उभ्या स्नायूंमधली फट बेंबीपाशी अडीच बोटं भरली. त्यासाठी श्वासाबरोबर पोट हळूच आत घेण्याचे व्यायाम दिलेत, उताणं पडून सरळ उठायचे व्यायाम आणि भरलेली बादली इतक्यात नाही. पुढच्या वेळी मुलीला घेऊन या म्हणाल्या, तिला कडेवर कसं घ्यायचं ते दाखवतील. तारीख नेमकी पाणी यायच्या दिवशी पडतेय; नवऱ्याला अर्धी रजा टाकायला सांगितली आहे.